हवा महालाच्या माथ्यावरून जयपूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी जयपूरचे बेत शिजायला लागतात आणि तेच ते प्रश्न फिरून येतात. सहलीच्या बसमधून येणारे बहुतेक लोक हवा महालासमोरच्या फुटपाथवर दहा मिनिटं उभे राहतात, फोटो काढतात आणि आमेरच्या वाटेला लागतात. माझ्या मते हा महाल समोरून बघण्याइतकाच आत शिरून बाहेर बघण्यासाठी आहे. खालची उत्तरं ज्यांना वर चढायचं आहे त्यांच्यासाठी.

आत जाता येतं का? मला तर ती नुसती भिंत आहे असं सांगितलं होतं.

येतं. भिंतीची गोष्ट मात्र अगदीच खोटी नाही. पाच मजल्यांपैकी वरचे तीन मजले जेमतेम एका खोलीच्या रुंदीचे आहेत, त्यामुळे बाजूने पाहिलं तर इमारत पत्त्यासारखी पातळ दिसते. खालच्या दोन मजल्यांना मात्र अंगणं आहेत. मागच्या बाजूला मोठा चौक आहे, त्याच्या तीन बाजूंना दुमजली इमारती आहेत आणि तिथेच एक छोटं संग्रहालयही आहे. मजल्यांना नावं आहेत: शरद मंदिर, रतन मंदिर, विचित्र मंदिर, प्रकाश मंदिर आणि सगळ्यात वर हवा मंदिर. इथे मंदिर म्हणजे देऊळ नव्हे, दालन. प्रसाद कुठे मिळतो, असं विचारणाऱ्या एक आजी भेटल्या होत्या, म्हणून सांगितलं.

समोर दारच दिसत नाही. शिरायचं कुठून?

मागून. रस्त्याच्या बाजूला आत जायचा दरवाजा नाही. बडी चौपड या मोठ्या चौकात या, महालाकडे पाठ न करता त्रिपोलिया बाजाराच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला वळा आणि पहिल्या कमानीतून उजवीकडे आत शिरा. गर्दीच्या दिवशी कुणालाही विचारा, ‘हवा महल का टिकट किधर’, लगेच हात दाखवतात. जंतरमंतर ही जुनी वेधशाळा आणि सिटी पॅलेस इकडून येणाऱ्यांना ही वाट आणखी सोपी पडते, कारण महालाचं तोंड मुळात राजवाड्याकडेच आहे. शहराला दिसते ती त्याची पाठ, आणि सगळं जग फोटो काढतं ते त्या पाठीचा.

पायऱ्या किती? आईबाबांचे गुडघे दुखतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेकांना सुखावणारं आहे. मुख्य चढ पायऱ्यांचा नाही, उताराचा आहे. राजघराण्यातल्या स्त्रियांना जड घागरे सावरत, किंवा पालखीतून, वर जाता यावं म्हणून असं केलं असं सांगतात. कारण काहीही असो, गुडघ्यांना ते सोयीचं आहे. सावकाश, भिंतीला हात लावत चढलं तर सत्तरीतली माणसंही मधल्या मजल्यांपर्यंत आरामात जातात. अगदी वरच्या टप्प्यात मात्र अरुंद पायऱ्या लागतात, तिथे एका वेळी एकच माणूस मावतो आणि उतरणाऱ्यासाठी थांबावं लागतं. बाबांना तिथे दम लागला तर त्यांना प्रकाश मंदिरापाशी बसवा. तिथूनही बरंच दिसतं, आणि वारा फुकट.

व्हीलचेअर चौकापर्यंत ठीक, वरच्या उतारांवर नेण्याच्या फंदात पडू नका. वळणं आवळ आहेत आणि फरशी पायांनी घासून गुळगुळीत झाली आहे. चामड्याच्या तळव्याच्या नव्या कोऱ्या मोजड्या घालून तर मुळीच चढू नका.

वरून नेमकं काय दिसतं?

दोन जयपूर. एकाच जागी उभं राहून मान फिरवायची.

पूर्वेला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, खाली सिरे ड्योढी बाजार. रिक्षांचे हॉर्न, रजयांचे ढीग, मोजड्यांच्या माळा, आणि समोरच्या फुटपाथवर माना वर करून तुमचाच फोटो काढणारे लोक. रस्ता सरळ रेषेत उत्तर-दक्षिण जातो. १७२७ साली सवाई जयसिंहांनी हे शहर वसवलं, आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाचा मोठा हात होता. शहराचे नऊ चौकोन, काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि रस्त्यांच्या छेदावर चौपड, हे सगळं नकाशात वाचलेलं असतं. इथून ते डोळ्यांनी कळतं. दक्षिणेला बडी चौपडचा चौक, त्यापलीकडे जोहरी बाजार. समोर घरांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, आणि मागे गलत्याकडची डोंगररांग.

आता वळा. पश्चिमेला एकदम शांतता. खाली महालाचा चौक, त्यामागे जंतरमंतरची ती विचित्र त्रिकोणी यंत्रं. त्यातलं सगळ्यात उंच ते सम्राट यंत्र, जवळजवळ २७ मीटर उंचीचं सूर्याचं घड्याळ, जे दोन सेकंदांच्या फरकापर्यंत वेळ दाखवतं. जंतरमंतरमध्ये खाली उभं राहून ही यंत्रं नीटशी उमगत नाहीत, नुसते जिने आणि कमानी वाटतात. वरून त्यांचे आकार सुटे सुटे कळतात, म्हणून शक्य असेल तर आधी हवा महाल आणि मग जंतरमंतर हाच क्रम ठेवा. उजव्या हाताला सिटी पॅलेसमधला सात मजली चंद्रमहाल. त्याच्या माथ्यावर एक मोठा झेंडा आणि त्याच्यावर एक पाव आकाराचा छोटा झेंडा असतो, तो शोधायला मुलांना लावा. सगळ्यांच्या मागे डोंगराच्या कडेने नाहरगडाची तटबंदी. डावीकडे त्रिपोलिया बाजाराच्या बाजूला एक एकटा मनोरा दिसेल, त्याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. मराठी माणसाने तो जरा थांबून बघावा.

आणि त्या ९५३ खिडक्या? त्यांतून काय दिसतं?

आधी फोटोचा मोह आवरा आणि खाली बसा. बऱ्याच झरोक्यांची उंची उभ्या माणसासाठी नाहीच, बसलेल्या बाईच्या डोळ्यांसाठी आहे. जाळीतल्या छोट्या भोकाला डोळा लावला की रस्ता एकदम जवळ येतो: कुणाच्या डोक्यावरचा फेटा, हातगाडीवरची पेरूंची रास, वाद घालणारे दोन रिक्षावाले. त्यांना तुम्ही दिसत नाही. पडद्यातल्या स्त्रियांना शहर बघता यावं, शहराला त्या दिसू नयेत, हा हेतू पाच मिनिटं तिथे बसलं की कुणी समजावून न सांगता पटतो. गंमत वाटते आणि थोडं गुदमरायलाही होतं.

वाऱ्याचंही तसंच. छोट्या भोकांतून शिरताना हवेचा वेग वाढतो, त्यामुळे उन्हाळ्यातही जाळीजवळ झुळूक लागते. काही खिडक्यांना रंगीत काचा आहेत. सकाळचं ऊन त्यांतून आत आलं की जमिनीवर लाल, हिरवे, निळे तुकडे पडतात. फोटोसाठी तिथे रांग लागते, त्याला इलाज नाही.

मिरवणुका बघण्यासाठी हा महाल बांधला असं सगळीकडे वाचाल. आज निघणारी तीज आणि गणगौरीची मिरवणूक मात्र त्रिपोलिया दरवाज्यातून निघून छोटी चौपडच्या दिशेने जाते, महालासमोरून नाही. सणाच्या दिवशी वर जाऊन वाट बघत बसू नका.

कोणत्या वेळी जावं?

सकाळी नऊला दार उघडतं, तेव्हाच. यात दोन फायदे आहेत. दर्शनी बाजू पूर्वेकडे असल्याने सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं, म्हणजे रस्त्यावरून फोटो उत्तम. आणि वर चढलात की सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे पश्चिमेचा राजवाडा, यंत्रं, नाहरगड सगळं उजेडात न्हालेलं. दुपारनंतर उलट होतं: राजवाड्याकडे बघायचं तर ऊन डोळ्यांत, आणि दर्शनी भाग सावलीत. शिवाय अकराच्या पुढे शाळांच्या सहली आल्या की वरच्या जिन्यात जी काही चेंगराचेंगरी होते, तिची तुलना मी फक्त दादर स्टेशनच्या पुलाशी करेन.

रात्री दिवे लावतात, महाल छान दिसतो, पण तो बाहेरून. वरचा देखावा हवा तर दिवसाच.

आणि कोणत्या महिन्यात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत काही सकाळी धुकं असतं आणि नाहरगड गायब होतो, अशा दिवशी तासभर उशिरा चढा. मे-जूनमध्ये मुलांना सुट्टी असते हे मान्य, तरी जयपूरचं ऊन विदर्भातल्या लोकांनाच झेपेल. पावसाळ्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, पण श्रावणात डोंगर हिरवे झाले की इथून दिसणारं शहर मला सगळ्यात आवडतं.

एक तारीख वेगळी सांगतो: १४ जानेवारी. संक्रांतीला जयपूर गच्चीवर असतं. शब्दशः. प्रत्येक घराच्या गच्चीवर माणसं, स्पीकर, तिळाचे लाडू, आणि आभाळभर पतंग. हवा महालाच्या माथ्यावरून हा देखावा म्हणजे शहराने तुमच्यासाठी छप्पर उघडून ठेवल्यासारखा. मांज्यापासून गळा आणि गाडीवर असाल तर डोळे सांभाळा.

तिकिटाचं काय?

दर अधूनमधून बदलतात, म्हणून आकडा इथे देत नाही. राजस्थान सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा खिडकीवर बघा. एक गोष्ट लक्षात ठेवा: आमेर, जंतरमंतर, हवा महाल, अल्बर्ट हॉल, नाहरगड वगैरे मिळून एकत्रित तिकीट मिळतं, ते दोन दिवस चालतं. तीन-चार ठिकाणं बघणार असाल तर तेच घ्या, पैसे वाचतात आणि त्याहून मोलाचं म्हणजे प्रत्येक ठिकाणची रांग वाचते. सिटी पॅलेस त्यात येत नाही, तो राजघराण्याकडे आहे, त्याचं तिकीट वेगळं आणि महाग. विद्यार्थ्यांना सवलत असते, मुलांची कॉलेजची ओळखपत्रं बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

समोरच्या कॅफेच्या गच्चीवरून फोटो काढला तर वर जायची गरज आहे का?

समाजमाध्यमांवर दिसणारे ते प्रसिद्ध फोटो, कपात चहा आणि मागे अख्खा महाल, हे सगळे रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या वरच्या कॅफेंमधले. दुकानांच्या मधून अंधारे, चढे जिने वर जातात. सकाळी लवकर गेलात तर कठड्याजवळची जागा मिळते. काही तरी मागवावं लागतं, आणि त्या चहाची किंमत देखाव्यासकट असते. माझी हरकत नाही. बसून निवांत बघायला मिळतं, बाबांचे पाय मोकळे होतात.

पण ती गच्ची आणि महालाचा माथा यांची अदलाबदल होऊ शकत नाही. कॅफेतून महाल दिसतो, महालातून जयपूर. वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी महाल सांगेन. आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ‘फ्री फोटो पॉइंट, सर’ म्हणणाऱ्याच्या मागे गेलात तर वाटेत त्याच्या काकांचं रजयांचं दुकान लागणार हे गृहीत धरा.

वरून तो एकटा मनोरा दिसतो, त्याचा आणि मराठ्यांचा काही संबंध आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि आपल्याकडच्या सहलीत ते कुणीच सांगत नाही.

तो मनोरा म्हणजे इसरलाट. गावातले लोक त्याला सरगासूली म्हणतात. सवाई जयसिंह असेपर्यंत जयपूर आणि पुणे यांचं बरं चाललं होतं. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या, तेव्हा जयसिंहांनी जयपुरात त्यांचा पाहुणचार केला होता. १७४३ मध्ये जयसिंह गेले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या दोन मुलांत गादीचं भांडण लागलं. मराठे त्यात उतरले, आणि दुर्दैवाने दोन्ही बाजूंनी उतरले: शिंद्यांचा कल एकीकडे, होळकरांचा दुसरीकडे, आणि पैशाचे वायदे दोघांकडून. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंहाने भावाचा पराभव केला. भावाच्या बाजूला होळकरांची फौजही होती. त्या विजयाची खूण म्हणून १७४९ मध्ये हा मनोरा उभा राहिला.

विजय टिकला नाही. मधल्या काळात, १७४८ मध्येच, बगरूला मल्हारराव होळकरांनी त्याला नमवलं होतं, आणि डिसेंबर १७५० मध्ये थकलेल्या खंडणीसाठी ते पुन्हा जयपूरवर चालून आले. ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला. माधोसिंह गादीवर आला. काही दिवसांत जयाप्पा शिंद्यांची फौजही पोचली, आणि तळावरचे मराठे शहर बघायला, देवळांत जायला, खरेदी करायला तटाच्या आत येऊ लागले. १० जानेवारी १७५१ ला शहर त्यांच्यावर उलटलं. दरवाजे बंद झाले आणि बाजारांतून कापाकापी झाली. तुम्ही वरून बघताय ते याच तटाआतलं शहर.

हवा महाल त्यानंतर अर्ध्या शतकाने, १७९९ मध्ये, सवाई प्रतापसिंहांनी बांधला. लालचंद उस्ता हे त्याचे स्थपती. प्रतापसिंह कृष्णभक्त होते, ‘ब्रजनिधि’ या नावाने कविता करत, आणि महालाचा आकार कृष्णाच्या मुकुटासारखा आहे असं म्हणतात ते त्यामुळेच. हेच प्रतापसिंह १७८७ मध्ये तुंगा-लालसोटजवळ महादजी शिंद्यांसमोर उभे ठाकले, महादजींना मागे सरावं लागलं. १७९० मध्ये पाटणला महादजींच्या फौजेने ते उट्टं काढलं. महाल पूर्ण झाल्यावर पुढच्याच वर्षी मालपुऱ्याला लखबादादांच्या मराठी फौजेशी पुन्हा लढाई, पुन्हा जयपूरचा पराभव. एवढ्या धामधुमीत आणि खंडणीच्या तगाद्यात या माणसाने वाऱ्यासाठी महाल बांधला, याचं मला नवल वाटतं.

गाइड इसरलाटची वेगळीच गोष्ट सांगतील: राजाला मंत्र्याची मुलगी बघता यावी म्हणून मनोरा बांधला. गोष्ट रंगतदार आहे. ऐकून घ्या.

इसरलाटवर चढता येतं का?

येतं, आणि तिथे गर्दी नसते. त्रिपोलिया बाजाराच्या मागे आतिश मार्केटकडून वाट आहे. सात मजली मनोरा, आत गोल गोल वर जाणारी अंधारी, चिंचोळी वाट. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी टाळावं. माथ्यावर छत्री आहे आणि चारी बाजू मोकळ्या. हवा महालाहून देखावा इथूनच जास्त खुला मिळतो, कारण मध्ये जाळी नाही. फक्त इथे झरोके नाहीत, ती लपून बघण्याची मजा नाही.

नाहरगडावरून तर सगळंच दिसतं. मग हे कशाला?

नाहरगडावरून शहर नकाशासारखं दिसतं, माणसं दिसत नाहीत. सूर्यास्ताला तिथे जाच. सकाळी हवा महाल आणि संध्याकाळी नाहरगड, असा दिवस आखला की सकाळी जिथे उभे होतो ती जागा संध्याकाळी वरून शोधायचा खेळ मुलांना पुरतो.

स्टेशनवरून कसं पोचायचं?

मुंबई आणि पुण्याहून जयपूरला थेट गाड्या आहेत. स्टेशनजवळच रेल्वे स्टेशन नावाचं मेट्रो स्थानक आहे. तिथून सिंधी कॅम्प, चांदपोल, छोटी चौपड आणि शेवटचं बडी चौपड. भुयारी टप्पा २०२० मध्ये सुरू झाला आणि जुन्या शहरात शिरायची कटकट मिटली. वर आलात की हवा महाल दोन मिनिटांवर. स्वतःची गाडी घेऊन परकोट्यात, म्हणजे तटाच्या आत, शिरू नका. पार्किंग शोधण्यात सकाळचं ऊन निघून जाईल.

गाइड करावा का?

महालासाठी नाही केला तरी चालतो, जंतरमंतरसाठी जरूर करा. केलात तर परवाना बघा, आणि पैसे व वेळ दोन्ही आधी ठरवा. ‘खरेदी नको’ हे वाक्य सुरुवातीलाच बोलून टाका.

लहान मुलं, माकडं, खाणं?

मुलांचा हात सोडू नका. वरचे कठडे जुने आहेत आणि काही ठिकाणी मुलांच्या कमरेएवढेच. जुन्या शहरात माकडं भरपूर, हातातला वेफर्सचा पुडा ती तुमच्याआधी उघडतात, म्हणून खाणं बॅगेत. पाणी सोबत ठेवा.

खाली उतरलात की भूक लागलेली असते. जोहरी बाजारात घेवर मिळतो, बिनपनीरचा मागितलात तर प्रवासात टिकतो. बांगड्या घ्यायच्या असतील तर त्रिपोलियाजवळच्या मणिहारों का रास्ता या गल्लीत लाखेच्या बांगड्या तुमच्यासमोर शेगडीवर तापवून, वळवून, हाताच्या मापाच्या करून देतात. भाव करा, पण कारागीर काम करत असताना नको. आधी ठरवा, मग त्याला काम करू द्या.